कंपनी फी देते, पण कोणत्या वर्षात?

अमेरिकेत नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्या वाचकांची, आणि त्यांच्या भारतातल्या पालकांची, फीविषयीची बरीच पत्रे साठली होती. त्यातली निवडक या अंकात घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. करांचे आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत, जिथे वेगळे वर्ष आहे तिथे तसे लिहिले आहे.

एक आकडा बहुतेक उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल, तो आधीच सांगून ठेवतो: ५,२५० डॉलर. अमेरिकेच्या करकायद्याच्या कलम १२७ खाली कंपनी कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी वर्षाला एवढी रक्कम करमुक्त देऊ शकते. १९८६ पासून हा आकडा तसूभरही हललेला नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने तो पहिल्यांदाच महागाईशी जोडला, पण वाढ लागू होणार २०२६ नंतरच्या वर्षांसाठी. म्हणजे २०२६ मध्येही ५,२५० च धरून चाला.

मी नोकरी सांभाळून मास्टर्स करतो. एका विषयाचे १,७५० डॉलर. गेल्या वर्षी स्प्रिंगला (जानेवारी ते मे) तीन आणि फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबर) तीन विषय घेतले. कंपनीने सगळे १०,५०० परत दिले, स्प्रिंगचे जूनमध्ये आणि फॉलचे डिसेंबरच्या शेवटच्या पगारात. आता डब्ल्यू-२ वर (कंपनीच्या वार्षिक पगार-दाखल्यावर) पगार ५,२५० ने जास्त दिसतो. फीची भरपाई हा पगार कसा? (न्यू जर्सी)

तुमच्या एच.आर.चे गणित बरोबर आहे. सवलत शैक्षणिक वर्षाला किंवा सेमिस्टरला नसते, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षाला असते. एका वर्षात १०,५०० मिळाले, त्यातले पहिले ५,२५० करमुक्त आणि उरलेले ५,२५० पगार. त्या पगारावर प्राप्तिकर तर आहेच, शिवाय सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्केही जातात. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर एकूण २९.६५ टक्के, म्हणजे सुमारे १,५५७ डॉलर गेले. राज्याचा कर वेगळा.

झाले ते झाले, पण त्यातूनही काही परत मिळू शकते. जी रक्कम पगार म्हणून धरली गेली, ती फी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरली असे कायदा मानतो. तिच्यावर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (थेट करातून वजा होणारी सवलत) घेता येते: फीच्या २० टक्के, म्हणजे ५,२५० वर १,०५० डॉलर. फॉर्म ८८६३ भरायचा. अट उत्पन्नाची आहे. एकट्याचे विवरणपत्र असेल तर ८० हजारांपासून क्रेडिट घटू लागते आणि ९० हजारांना संपते. नवरा-बायकोच्या एकत्र विवरणपत्रात १ लाख ६० हजार ते १ लाख ८० हजार. दोघेही आयटीत असतील तर ही गाडी बहुधा चुकलेली असते. विवाहित असून वेगवेगळे विवरणपत्र भरणाऱ्यांना हे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे उत्पन्न विभागून मर्यादेखाली बसण्याची युक्ती चालत नाही.

दुसरी वाट कंपनीच्या हातात आहे. शिक्षण तुमच्या सध्याच्या कामातले कौशल्य टिकवणारे किंवा वाढवणारे असेल, ते त्या पदाची किमान पात्रता नसेल आणि त्याने तुम्ही एखाद्या नव्या व्यवसायाला पात्र होत नसाल, तर ५,२५० च्या वरची रक्कमही कंपनी कामाशी निगडित सुविधा म्हणून करमुक्त ठेवू शकते. डेटा ॲनालिस्टने सांख्यिकी शिकणे यात बसते, त्यानेच वकिलीची पदवी घेणे बसत नाही. हा निर्णय पगार विभाग घेतो आणि बऱ्याच कंपन्या सरसकट नाही म्हणतात. विचारायचे तर डब्ल्यू-२ निघण्याआधी, नोव्हेंबरात विचारा. एकदा ती रक्कम पगारात धरली गेली की कर्मचाऱ्याला ती कामाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. ती वजावट २०१८ पासून बंद होती, २०२५ च्या कायद्याने कायमची गेली.

खरा उपाय मात्र वेळापत्रकात आहे. तुमची पदवी दहा विषयांची असेल तर एकूण फी १७,५००. दोन कॅलेंडर वर्षांत उरकली तर १०,५०० करमुक्त आणि ७,००० वर कर. तीच फॉलला सुरू करून चौथ्या वर्षीच्या स्प्रिंगला संपवली, तर दोन, तीन, तीन, दोन अशी विषयांची वाटणी होते. दरवर्षीची रक्कम ३,५००, ५,२५०, ५,२५०, ३,५००. एकाही डॉलरवर कर नाही. मध्येच फी वाढली तर हा हिशोब थोडा सरकेल. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येत नाही, तेव्हा मध्ये एखादे वर्ष कोरडे सोडू नका.

वेळापत्रक ठरवताना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर लक्ष ठेवा. फॉलचे ग्रेड डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागतात आणि पगार विभाग वर्षअखेरीची खाती त्याच सुमारास बंद करतो. चार दिवस उशीर झाला की फॉलचा परतावा पुढच्या वर्षाच्या पगारात जातो आणि पुढच्या वर्षाची मर्यादा खातो. फी भरणे, दावा करणे आणि परतावा मिळणे ही तिन्ही कामे एकाच कॅलेंडर वर्षात बसवणे सर्वांत सुरक्षित. त्यासाठी पगार विभागाला ऑक्टोबरात एकच प्रश्न ईमेलने विचारा: डिसेंबरच्या शेवटच्या पगारात परतावा यायचा असेल तर कागद कोणत्या तारखेपर्यंत हवेत? उत्तर लेखी घ्या. ग्रेडशीट त्या तारखेपर्यंत मिळणार नसेल तर प्राध्यापकाकडून किंवा रजिस्ट्रारकडून तात्पुरते ग्रेडपत्र चालेल का, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

माझा दावा दोनदा परत आला. पहिल्यांदा 'कागद अपुरे', दुसऱ्यांदा 'पूर्वमंजुरी नाही'. कोर्स तर कंपनीच्या यादीतल्या विद्यापीठाचाच आहे. (टेक्सास)

पूर्वमंजुरीचे कारण खरे असेल तर पैसे मिळणे अवघड आहे. बहुतेक योजनांत मंजुरी कोर्स सुरू व्हायच्या आधी लागते, आणि ती पदवीला नसून प्रत्येक सेमिस्टरच्या प्रत्येक विषयाला लागते. पहिल्या सेमिस्टरला मंजुरी घेतली म्हणून लोक निश्चिंत होतात आणि दुसऱ्या सेमिस्टरला फसतात. तुम्ही विषय बदलला असेल, म्हणजे मंजूर झालेला कोर्स भरला म्हणून ऐनवेळी दुसरा घेतला असेल, तरी मंजुरी नव्याने लागते. ॲड-ड्रॉपची (विषय बदलण्याची) मुदत संपायच्या आत पोर्टलवर विषयाचा क्रमांक दुरुस्त करून घ्यायचा.

'कागद अपुरे' हे मात्र सुटण्यासारखे आहे. क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट पावती म्हणून चालत नाही. त्यात पैसे कुणाला गेले एवढेच दिसते, कशाचे गेले ते दिसत नाही. विद्यापीठाच्या बर्सर (फी घेणाऱ्या) कार्यालयाच्या पोर्टलवरून तपशीलवार स्टेटमेंट काढा. त्यावर तुमचे नाव, सेमिस्टर, विषयवार फी, इतर शुल्क वेगवेगळ्या ओळींत, मिळालेली शिष्यवृत्ती आणि शेवटी शून्य बाकी, एवढे दिसले पाहिजे. बाकी शून्य नसेल तर फी भरलीच नाही असा अर्थ काढतात. नावाचाही घोळ होतो: विद्यापीठात पासपोर्टवरचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि कंपनीत फक्त नाव-आडनाव, असे असेल तर पहिल्याच दाव्याबरोबर पासपोर्टची प्रत जोडून विषय मिटवा.

दावा करताना काय मागू नये तेही लक्षात ठेवा. फी, अनिवार्य शुल्क, पुस्तके, कोर्सला लागणारे साहित्य हे कलम १२७ मध्ये बसते. जेवण, राहणे, प्रवास बसत नाही. शिक्षण संपल्यावर तुमच्याकडेच राहील असे साहित्यही बसत नाही, अपवाद फक्त पाठ्यपुस्तकांचा. म्हणून लॅपटॉपची पावती जोडू नका. एका लॅपटॉपपायी अख्खा दावा तपासणीत अडकलेला आम्ही पाहिला आहे.

ग्रेडची अट योजनेप्रमाणे बदलते. पदवीला सी आणि मास्टर्सला बी ही सर्रास दिसणारी मर्यादा. 'इन्कम्प्लीट' शेरा असेल तर दावा थांबतो, आणि ग्रेड लागेपर्यंत दाव्याचीच मुदत उलटून जाते. अशा वेळी मुदतीच्या आत अर्धवट दावा दाखल करून ठेवायचा आणि ग्रेड नंतर जोडायचा.

मी भारतातल्या एका सरकारी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून इथे एम.एस. केले. आता एच-१बी वर आहे. कंपनी कर्जफेडीला महिन्याला २०० डॉलर देते, पण पोर्टलवर भारतीय बँक निवडताच येत नाही. हे कर्ज मुळात चालते का? (वॉशिंग्टन राज्य)

कायद्याने चालते. अडचण पोर्टलची आहे.

कंपनीने कर्मचाऱ्याचे शैक्षणिक कर्ज करमुक्त फेडण्याची सोय २०२० मध्ये कोविडच्या काळात तात्पुरती आली. तिची मुदत २०२५ अखेर संपणार होती, ती आता कायम झाली आहे. मर्यादा त्याच ५,२५० ची, आणि फीची मदत व कर्जाची मदत दोन्ही मिळून. तुमचे महिन्याचे २०० म्हणजे वर्षाचे २,४००. याच वर्षी एखादा कोर्स केला तर त्यासाठी २,८५० उरतात.

कर्ज पात्र ठरायला तीन गोष्टी लागतात. ते फक्त शिक्षणाच्या खर्चासाठी काढलेले असावे. शिक्षण अशा संस्थेत झालेले असावे जी अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या विद्यार्थी-मदत कार्यक्रमांत भाग घ्यायला पात्र आहे; इथली जवळपास सगळी मान्यताप्राप्त विद्यापीठे आहेत. आणि कर्ज देणारा जवळचा नातेवाईक (आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे, जोडीदार, मुले) नसावा. बँक अमेरिकेचीच हवी अशी अट कुठेही नाही. मात्र संस्थेच्या अटीमुळे भारतातल्या बी.ई.साठी काढलेले कर्ज सहसा बसत नाही, कारण भारतातली बहुसंख्य महाविद्यालये त्या यादीत नाहीत. आणि वडिलांकडून किंवा भावाकडून घेतलेले पैसे तर नाहीतच, व्याज लावले असले तरी.

कर्ज कुणाच्या नावावर आहे ते मंजुरीपत्रात पाहा. भारतीय बँका सहसा विद्यार्थ्याला मुख्य कर्जदार आणि वडिलांना किंवा आईला सहकर्जदार करतात. तसे असेल तर प्रश्न नाही. वडिलांनी घर तारण ठेवून स्वतःच्या नावावर वेगळे कर्ज काढले आणि त्यातून तुमची फी भरली असेल, तर ते तुमचे शैक्षणिक कर्ज ठरत नाही. उलट बाजूनेही नियम तितकाच कडक: कर्ज कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाचे हवे. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेले पॅरेंट प्लस (पालकांच्या नावावरचे सरकारी) कर्ज कंपनीने फेडले तर तो पगार.

आता पोर्टल. या योजना बहुधा बाहेरची सेवा-कंपनी चालवते आणि तिच्या यादीत अमेरिकेतल्याच कर्जसंस्था असतात. कायदा कंपनीला पैसे थेट बँकेला देऊ देतो, तसे कर्मचाऱ्यालाही देऊ देतो. म्हणून एच.आर.कडे 'बँक जोडा' अशी मागणी करू नका, ती फार क्वचित मान्य होते. 'मी हप्ता भरतो, पुरावा देतो, तुम्ही मला परतावा द्या' अशी मागणी करा. सोबत चार कागद: मंजुरीपत्र, विद्यापीठाला थेट गेलेल्या रकमांचे तपशील, चालू बाकी दाखवणारे स्टेटमेंट, आणि प्रत्येक हप्त्याच्या दिवशीचा डॉलरचा दर दाखवणारी पैसे पाठवल्याची पावती. पैसे तुमच्या अमेरिकेतल्या खात्यातून भारतातल्या कर्जखात्यात गेल्याचा माग एकाच ओळीत दिसावा. मध्ये वडिलांचे बचत खाते आले की माग तुटतो.

व्याजाबद्दल एक खबरदारी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची २,५०० डॉलरपर्यंत वजावट तुम्हालाही मिळते, भारतीय बँक १०९८-ई (व्याजाचा दाखला) देत नसली तरी. पण कंपनीने करमुक्त पैशांतून जे व्याज फेडले त्यावर ती मागता येत नाही. दोन्ही डगरींवर हात चालत नाही. वजावट एकट्याला ८५ हजारांपासून घटत १ लाखाला संपते, एकत्र विवरणपत्रात १ लाख ७० हजार ते २ लाख.

माझी पत्नी एका विद्यापीठात कार्यालयीन नोकरीत आहे. मुलगा तिथेच पदवीला जाणार आहे, तिलाही मास्टर्स करायचे आहे. दोघांची फी माफ होईल असे सांगतात. कर लागेल का? (ओहायो)

मुलाच्या पदवीला नाही, पत्नीच्या मास्टर्सला काही अंशी लागू शकतो.

शिक्षणसंस्थांसाठी वेगळे कलम आहे, ११७ चे उपकलम डी. त्याखाली कर्मचाऱ्याला, जोडीदाराला आणि अवलंबून असलेल्या मुलांना पदवीपर्यंतची फीमाफी कितीही रकमेची असली तरी करमुक्त. दुसऱ्या विद्यापीठाशी अदलाबदलीचा करार असेल तर तिथली माफीही त्यात येते. मास्टर्सला मात्र हे कलम लागू नाही, ते फक्त शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लागू होते. म्हणून पत्नीसाठी पुन्हा आपले जुने ५,२५०. फीमाफी १२,००० ची असेल तर ६,७५० पगारात मिळवले जातात. हातात एक डॉलर न येता पगारपत्रकातून कर कापला जातो, त्यामुळे त्या महिन्याचा पगार अचानक रोडावतो. काही विद्यापीठे ही कपात पूर्ण सेमिस्टरभर वाटून देतात; अर्ज करतानाच विचारा. पत्नी मास्टर्स करीत असताना तुमची फी तिच्या योजनेतून माफ झाली आणि तुम्हीही पदव्युत्तर शिकत असाल, तर तुमची सगळीच रक्कम तिच्या पगारात जाईल. कलम १२७ जोडीदाराला लागू नाही.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. नोकरीला किती काळ झाल्यावर माफी सुरू होते, आणि मुलाला गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली तर ती माफीच्या वर मिळते की माफीतूनच वजा होते. दुसरे उत्तर आले तर शिष्यवृत्तीचा आनंद कागदावरच राहतो.

आमची मुलगी ऑगस्ट २०२५ मध्ये एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एम.एस.ला गेली. टीचिंग असिस्टंटशिप मिळाली, फी माफ आणि दरमहा स्टायपेंड. मैत्रिणीने तिला सांगितले की एक साधे सॉफ्टवेअर वापरून १,००० डॉलर परत मिळतात. घ्यावेत का? (पुणे)

घेऊ नयेत. ते १,००० डॉलर म्हणजे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचा परत मिळणारा भाग. मुळात ते क्रेडिट पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी आहे, आणि करदृष्ट्या अनिवासी असलेल्या व्यक्तीला ते मिळतच नाही. तुमची मुलगी अनिवासी आहे. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी धरले जातात आणि वर्षातला एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून मोजतात. म्हणजे तिची पाच वर्षे २०२५ ते २०२९. साधी सॉफ्टवेअर निवासींचा फॉर्म १०४० भरतात, तिला हवा १०४०-एनआर, सोबत ८८४३ (व्हिसामुळे अनिवासी असल्याचे निवेदन). चुकून १०४० भरून पैसे घेतलेच असतील तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. पुढे व्हिसाच्या कामात जुनी विवरणपत्रे मागतात तेव्हा ही चूक वर येते.

फीमाफी करमुक्त आहे, स्टायपेंड नाही. तो कामाचा मोबदला आहे आणि डब्ल्यू-२ वर येतो. पण भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नसलेली आहे: भारत-अमेरिका करसंधीच्या अनुच्छेद २१ मुळे त्यांना प्रमाणित वजावट मिळते. २०२५ साठी ती १५,७५० डॉलर. ऑगस्ट ते डिसेंबरचा स्टायपेंड त्याच्या आतच असणार, म्हणजे केंद्राचा कर शून्य आणि कापलेला परत. सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर तिच्याकडून कापायलाच नको होते. पगारपत्रकात ते दिसले तर आधी विद्यापीठाच्या पगार विभागाकडे मागा. त्यांनी नाही दिले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून करखात्याकडे मागा.

विवरणपत्राची घाई नको. स्टायपेंडचा डब्ल्यू-२ जानेवारीअखेर येतो, पण फेलोशिपची काही रक्कम असेल तर तिचा दाखला, १०४२-एस, १५ मार्चपर्यंत येऊ शकतो. फेब्रुवारीत भरून मोकळे झालेल्यांना एप्रिलमध्ये पुन्हा बसावे लागते. ज्या वर्षी काहीच उत्पन्न नाही त्या वर्षीही ८८४३ पाठवायचा असतो, १५ जूनपर्यंत.

आणि ऑफर लेटर पुन्हा एकदा वाचा. 'ट्यूशन वेव्हर' म्हणजे ट्यूशनच. आरोग्य विमा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी शुल्क, तंत्रज्ञान शुल्क हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यालाच भरावे लागते आणि पहिल्या सेमिस्टरचे बिल स्टायपेंड सुरू व्हायच्या आधी येते.

मुलगी कॉलेजात शिकते आणि एका साखळी दुकानात अर्धवेळ काम करते. दुकान तिची ५,२५० फी भरते. एकूण फी ९,०००. आम्हाला तिच्या नावाने क्रेडिट मिळेल का? (इलिनॉय)

मिळेल, आणि थोडे जुळवले तर पूर्ण मिळेल. दुकानाने करमुक्त भरलेले ५,२५० वजा केले की ३,७५० उरतात. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट पहिल्या २,००० वर शंभर टक्के आणि पुढच्या २,००० वर २५ टक्के असते. म्हणजे २,००० अधिक १,७५० चे २५ टक्के, ४३७.५०. एकूण २,४३७.५०. कमाल २,५०० ला २५० डॉलरचा खर्च कमी पडतो. या क्रेडिटात पुस्तके धरतात, कुठूनही घेतलेली चालतात. पुस्तकांच्या २५० डॉलरच्या पावत्या काढा, ६२.५० वाढले.

ती तुमच्यावर अवलंबून म्हणून दाखवली असेल तर क्रेडिट तुम्ही घ्यायचे, तिने नाही. १०९८-टी च्या (कॉलेजच्या फीच्या दाखल्याच्या) पाचव्या चौकटीत दुकानाचे पैसे आहेत की नाहीत ते पाहा. कधी येतात, कधी येत नाहीत. तो फॉर्म कॉलेजच्या नोंदी सांगतो, तुमचा हिशोब नाही. कॉलेजच्या खात्याचे स्टेटमेंट शेजारी ठेवून स्वतः वजाबाकी करा. स्प्रिंगची फी डिसेंबरात भरली असेल तर ती भरलेल्या वर्षात धरायची.

आणखी एक: कंपनीकडून येणारी मदत कॉलेजच्या आर्थिक सहाय्य कार्यालयाला कळवावी लागते आणि त्यामुळे त्यांचे अनुदान कमी होऊ शकते. आधी कर्जाचा भाग कमी करा, अनुदान शेवटी, अशी विनंती करता येते. मान्य होईलच असे नाही, पण विचारणाऱ्यालाच मिळते.

कंपनीने माझे ५,२५० भरले. करारात २४ महिन्यांची अट आहे. पंधरा महिन्यांनी नोकरी सोडतो आहे. किती परत द्यावे लागेल? ले-ऑफ झाला असता तर? (कॅलिफोर्निया)

करारात महिन्यागणिक कमी होणारी रक्कम असेल तर उरलेले नऊ महिने भागिले चोवीस, म्हणजे १,९६८.७५. तसे लिहिलेले नसेल तर पूर्ण ५,२५० मागतील. महिने कोणत्या तारखेपासून मोजतात ते बघा: बहुतेक करारांत प्रत्येक परताव्याची घड्याळे वेगळी असतात. तीन सेमिस्टर घेतली असतील तर तीन वेगळे हिशोब.

ले-ऑफचे उत्तर एका शब्दात असते. 'स्वेच्छेने सोडल्यास' असे असेल तर ले-ऑफमध्ये काही द्यायचे नाही. 'नोकरी कोणत्याही कारणाने संपल्यास' असे असेल तर वसुली होऊ शकते. तुमच्या राज्यात १ जानेवारी २०२६ नंतर झालेल्या करारांना नवा कायदा लागू आहे: फीच्या वसुलीचा करार नोकरीच्या करारापासून वेगळा हवा, रक्कम आधी सांगितलेली हवी, ती काळागणिक घटली पाहिजे, आणि गैरवर्तनाखेरीज कामावरून काढले तर वसुली नाही. त्याआधीच्या करारांना जुनेच शब्द. शेवटच्या पगारातून एकरकमी कापून घेणे कॅलिफोर्नियात चालत नाही, हप्ते मागून घ्या.

नवी कंपनी ही रक्कम भरून देते म्हणाली तर ती जॉइनिंग बोनस म्हणून येईल आणि त्यावर कर कापला जाईल. हातात १,९६८.७५ यायला हवे असतील तर २२ टक्क्यांच्या टप्प्यात केंद्राच्या करांसाठीच मागणी २,८०० च्या आसपास जाते, राज्याचा कर वेगळा.

आमची सहा माणसांची कंपनी आहे, मालक आम्ही नवरा-बायको. मुलाची फी कंपनीतून करमुक्त भरता येईल का? (जॉर्जिया)

व्यवहारात नाही. मुलगा कंपनीत कामाला असला तरी अटी आड येतात. योजना लेखी हवी, सर्व कर्मचाऱ्यांना कळवलेली हवी, पगाराऐवजी पर्याय म्हणून देता येत नाही. आणि वर्षभरात वाटलेल्या मदतीपैकी जास्तीत जास्त पाच टक्केच रक्कम पाच टक्क्यांहून अधिक मालकी असलेल्यांना, त्यांच्या जोडीदारांना व अवलंबितांना मिळू शकते. बाकीच्या चौघांना मिळून २१,००० दिलेत तरी तुमच्या घरात येतील सुमारे १,१०५. त्या चौघांसाठी योजना करायची असेल तर जरूर करा. दोन पानी लेखी योजना पुरते, आणि तिच्यासाठी सरकारला दरवर्षी वेगळा अहवाल पाठवावा लागत नाही.